गाडीच्या एसीचा गॅस ‘संपतो’ का?

एप्रिल लागला की गॅरेजात हमखास ऐकू येतं, “एसीचा गॅस संपलाय, भरून द्या.” पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळला. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

थंडावा कमी वाटला तर घरच्या घरी आधी केबिन फिल्टर बघा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यामागे असतो. माझ्या गाडीतल्या फिल्टरवर पिंपळाची वाळकी पानं आणि धुळीचा जाड थर निघाला. तो बदलला आणि वारा पुन्हा जोरात येऊ लागला, गॅसला हातही लावावा लागला नाही. मग रेडिएटरपुढचा कंडेन्सर हलक्या धारेनं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं त्याच्या नाजूक पात्या वाकतात. नळीच्या सांध्यावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं.

प्रत्यक्ष गॅस भरणं मात्र मेकॅनिककडेच बरं. एसीतला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यांत उडाला तर इजा ठरलेली. आधी पंपानं नळ्यांतली हवा-ओल काढावी लागते, मग काट्यावर तोलून गॅस. छोट्या गाडीला साधारण अर्धा किलो. नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. जास्त भरला तर थंडावा उलट घटतो.