सातासमुद्रांपलीकडील लग्नघर

पुण्यामुंबईच्या एखाद्या घरीं इंग्लंडहून लग्नपत्रिका येते, तेव्हां आनंदाबरोबर चिंताही दाराशीं येऊन उभी राहते. पुतणी तिकडेच वाढलेली, कार्य लंडनजवळच्या सभागृहांत, आणि आजीआजोबांपासून कडेवरच्या मुलापर्यंत सर्वांनीं यावें असा आग्रह! एके काळीं समुद्र ओलांडणाऱ्यास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. पुढें तो निर्बंध सैल झाला, तरी बोटीचा प्रवास दोनतीन आठवड्यांचा होता. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून निघालें आणि कैरो व जिनिव्हा येथें थांबून १० जूनला लंडनला पोंचलें. आज तेंच अंतर सुमारें दहा तासांत तुटतें. परंतु दोन देशांचे कायदे, दोन घड्याळें आणि दोन हवामानें यांतील अंतर कायमच आहे. लग्नास जाणाऱ्या कुटुंबाची खरी परीक्षा होते ती तेथें.

सर्वांत महत्त्वाची बाब बहुधा सर्वांत शेवटीं लक्षांत येते. ती म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें विवाह केव्हां झाला, ही होय. आपल्याकडे १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणें, ज्या विधींत सप्तपदीचा समावेश आहे त्यांत सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. इंग्लंड व वेल्समध्यें तसें नाहीं. तेथें १९४९ चा विवाह कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या लागू आहेत. वधूवरांनीं विवाहनिबंधकाच्या कचेरींत पूर्वसूचना द्यावयाची, सामान्यतः निदान २८ दिवस थांबावयाचें, आणि मान्यता असलेल्या जागीं, अधिकृत व्यक्तीसमोर व दोन साक्षीदारांदेखत वचनें उच्चारावयाचीं, असा तेथील क्रम आहे. कांहीं हिंदु मंदिरांची विवाहस्थळ म्हणून नोंद झालेली असते. तेथें धर्मविधि व कायदा हे दोन्ही एकाच वेळीं साधतां येतात. भाड्याच्या सभागृहांत केवळ पुरोहितानें लावलेल्या लग्नास मात्र कायद्याचें बळ नसतें. म्हणून पुष्कळ कुटुंबें अगोदर निबंधकासमोर विवाह करून मग अंतरपाट धरतात.

ही केवळ कागदाची बाब नव्हे. कायदेशीर विवाह झाला नसेल, तर पति मृत्युपत्र न करतां वारल्यास स्त्रीला पत्नी या नात्यानें वारसा मिळत नाहीं. २०२० सालीं तेथील अपील न्यायालयानें, निव्वळ धार्मिक पद्धतीनें झालेल्या एका विवाहाच्या प्रकरणांत, घटस्फोटाच्या वेळीं मिळणारे आर्थिक हक्कही नाकारले. तेव्हां मांडव, मानपान आणि जेवणाचे बेत यांच्या चौकशीपूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं ‘नोंदणीचा विवाह कोणत्या दिवशीं आहे?’ असें विचारावें. या प्रश्नांत अविश्वास नाहीं. मुलीच्या हिताची काळजी आहे.

दुसरा प्रश्न मुहूर्ताचा. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढें सरकला म्हणजे एक तिथि संपते. हा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. घड्याळांतील वेळ तेवढी निराळी. लंडनचें घड्याळ भारतीय वेळेच्या मागें उन्हाळ्यांत साडेचार तास व हिवाळ्यांत साडेपांच तास असतें. परंतु सूर्योदय आणि क्षितिजावर उगवणारी लग्नराशि हीं त्या त्या स्थळाच्या अक्षांशरेखांशांवर अवलंबून असल्यामुळें, मुंबईच्या मुहूर्तांतून साडेचार तास वजा करून काम भागत नाहीं. गणित लंडनचेंच करावें लागतें. गोरज मुहूर्ताचें उदाहरण पाहावें. जूनच्या मध्यास लंडनचा सूर्य रात्रीं सव्वानऊच्या पुढें मावळतो, तर डिसेंबरांत दुपारचे चारही वाजत नाहींत तोंच दिवस संपतो! पाहुण्यांची जेवणें, आजीबाईंची झोंप आणि सभागृहाची भाड्याची मुदत हीं सर्व या एका गणिताशीं बांधलेलीं असतात.

सामानाचा विचार करतांना प्रथम पेढ्यांचा मोह आवरावा. भारतांतून ब्रिटनमध्यें जाणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ बरोबर नेतां येत नाहींत. त्यामुळें पेढे, बर्फी व तुपाचा डबा घरींच राहिलेला बरा. सुकें खोबरें आंतील तेलामुळें आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो. म्हणून विमानप्रवासांत त्याची गणना धोकादायक मालांत होते. अक्षतांचे तांदूळ व हळदकुंकू यांचें ओझें नेण्याचेंही कारण नाहीं. मराठी माणसांची वस्ती तेथें नवी नव्हे. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीं स्थापन झालें आहे, आणि वेम्बली, साउथॉल या भागांतील बाजारांत असें साहित्य सहज मिळतें. मुंडावळ्या, अंतरपाट व घरांतील शालू हीं न्यावींत. मौल्यवान दागिने नेणें असेल, तर निघतांना विमानतळावरील जकात अधिकाऱ्यांकडून त्यांचा दाखला घ्यावा, म्हणजे परत येतांना ते नवे खरेदी केले असा संशय राहत नाहीं. होमासाठीं सभागृहाच्या चालकांची अनुमति अगोदर मिळवावी. धूर होतांच घंटा वाजविणारीं यंत्रें तेथें असतात. मंगलाष्टकांनंतर त्यांचा निनाद नको असेल, तर कुंड लहान व समिधा मोजक्याच ठेवाव्यात.

आतां कागदपत्रें. तान्ह्या मुलासही स्वतःचा पासपोर्ट व स्वतःचा व्हिसा लागतो. प्रौढांचा पासपोर्ट दहा वर्षें चालतो, पण पंधरा वर्षांखालील मुलांचा पांचच. घाईच्या वेळीं मुदत संपलेली आढळते ती बहुधा मुलांच्या पासपोर्टाची. अर्जासोबत लग्नाचें आमंत्रण, नात्याचा पुरावा, खर्च कोण करणार याचा लेखी आधार, आणि परत येण्यास बांधून ठेवणारी नोकरी, शाळा वा घर यांचे पुरावे जोडावेत. सर्वांचे अर्ज एकत्र दिले तरी निर्णय प्रत्येकाचा वेगळा होतो. मुलाला व सुनेला परवानगी मिळाली, पण स्वतःचें उत्पन्न नसलेल्या वृद्ध आईला नाकारली गेली, असें घडूं शकतें. म्हणून तिच्या अर्जास मुलाचें हमीपत्र व त्याच्या उत्पन्नाचे दाखले आवर्जून जोडावेत, आणि परवानगी हातीं येण्यापूर्वीं पैसे परत न मिळणारीं तिकिटें काढूं नयेत.

वृद्धांचीं औषधें मूळ वेष्टनांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातांतल्या पिशवींत असावींत. अल्पकाळ येणाऱ्या पाहुण्यास तेथील सरकारी रुग्णालयांत दाखल व्हावें लागल्यास बहुतेक उपचारांचे पैसे भरावे लागतात, यासाठीं प्रवासाचा विमा हवाच. शिवाय लग्नाच्या तीनचार दिवस अगोदर पोंचावें. नाहींतर पहाटे तीनला टक्क जागी झालेली मंडळी ऐन मंगलाष्टकांच्या वेळीं पेंगूं लागतात.

इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणी करील. आजकाल दूरदेशीचा सोहळा घरबसल्या पडद्यावर दिसतो, हें खरें. परंतु आपल्या विधींत अग्नि साक्षी असतो, तेथील कायद्यांत दोन माणसें साक्षीदार म्हणून सही करतात. दोन्हीकडे कोणीतरी समक्ष उभें राहावें हीच अपेक्षा आहे. परदेशीं वाढलेल्या मुलीला मिठाई, फुलें व पुरोहित तेथें मिळतात. आजीच्या हातच्या अक्षता मात्र बाजारांत मिळत नाहींत. म्हणून तयारीचा आरंभ सामानाच्या यादीनें न करतां, ज्या माणसाचें जाणें सर्वांत कठीण त्याच्या अर्जानें करावा.