मन, श्रद्धा आणि दुखणे

परीक्षेच्या दिवशी काही मुलांच्या पोटात दुखू लागते. घरचे म्हणतात, सोंग करतो. पण ते सोंग नसते. पोट खरोखरच दुखत असते. घरात वाईट बातमी आली, की समोरचे ताट तसेच राहते. घास तोंडात फिरतो, गिळवत नाही. भूक कुठे गेली? सकाळी तर सपाटून लागली होती. पोट तेच, भाकरी तीच. बदलले ते फक्त मन.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. "मन चिंती ते वैरी न चिंती," असे ते म्हणत. पुढे हीच गोष्ट शास्त्रज्ञांनी डोळ्यांनी पाहिली. अमेरिकेत कॅनन नावाचे एक डॉक्टर होते. 1897 च्या सुमारास, एक्स-रे नुकताच निघाला असताना, ते मांजराचे पोट पाहत असत. खाण्यात एक पूड मिसळली, की एक्स-रेमध्ये जठर नीट दिसे. जठर गिरणीसारखे सारखे हलत असते. त्यानेच अन्न घुसळले जाते. कॅनन यांनी पाहिले, की मांजर भ्याले किंवा चिडले, की ही हालचाल एकदम बंद पडते. मांजर शांत झाले, गुरगुरू लागले, की गिरणी पुन्हा सुरू.

असे का होते, ते समजून घेऊ. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एक-एक लहान ग्रंथी असते. माणूस भ्याला, की तिच्यातून एक रस रक्तात मिसळतो. त्याने छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांकडे जास्त रक्त जाते. पचनाचे काम तेवढ्यापुरते थांबते. समजा, शेतात बैल अंगावर धावून आला. अशा वेळी भाकर पचवून काय करायचे? पळायला पाहिजे. शरीराने केलेली ही सोय फार शहाणपणाची आहे. बैल निघून जातो, आपण बांधावर बसतो, थोड्या वेळाने सारे जागेवर येते.

पण सावकाराचे कर्ज हा असा बैल आहे, की तो जातच नाही. मुलीचे लग्न, भावकीचा दावा, पावसाची ओढ, नवऱ्याची दारू, हेही तसेच. ते रात्री उशाशी उभे असतात. मग तो रस रोज थोडा थोडा रक्तात येतच राहतो. झोप उडते, रक्तदाब वाढतो, पित्त खवळते. जखमसुद्धा लवकर भरत नाही. अमेरिकेत 1995 साली याची पाहणी झाली. घरातल्या बुद्धी गेलेल्या म्हाताऱ्या माणसाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या 13 बाया घेतल्या. त्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या दुसऱ्या 13 बाया घेतल्या. सर्वांच्या हातावर सारखीच बारीकशी जखम केली. सेवा करणाऱ्या बायांची जखम भरून यायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. आपल्या घरात आजाऱ्याजवळ जी सून किंवा लेक वर्षानुवर्षे बसते, तिच्याकडेही कुणी पाहावे, हे यावरून ध्यानात येते. पण आपण पाहत नाही.

आता देवाधर्माकडे वळू. भजनाने बरे वाटते, असे लोक म्हणतात. ते उगीच म्हणत नाहीत. आपण नुसते बसलो असताना मिनिटाला साधारण पंधराएक वेळा श्वास घेतो. 2001 साली इटलीतील डॉक्टरांनी 23 माणसांना आळीपाळीने दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक ख्रिस्ती लोकांची जपमाळेची प्रार्थना आणि दुसरा बौद्ध मंत्र. दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसली. म्हणता म्हणता श्वास संथ होऊन मिनिटाला सुमारे 6 वर आला. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांना एक लय आली आणि रक्तदाब सावरण्याची शरीराची शक्ती वाढली. पाहा, धर्म दोन, भाषा दोन, गुण मात्र एक. एक दमात संथपणे नाम घ्यायचे, मग सावकाश श्वास घ्यायचा, ही रीत आपल्याकडेही आहेच. घाईघाईने माळ ओढणाऱ्याला मात्र हा गुण येईल असे मला वाटत नाही!

भजनाचा दुसरा गुण म्हणजे संगत. टाळ घेऊन चार माणसांत बसले, की एकटेपण जाते. कुणी आले नाही, तर दुसऱ्या दिवशी "काय हो, काल का नाही आलात?" म्हणून विचारणारा भेटतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात सुमारे 7000 माणसांवर 1965 पासून 9 वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांना नातीगोती, मित्र, प्रार्थनेची मंडळी असे फारसे कुणी नव्हते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघाले. वारीला चालत जाणाऱ्या म्हातारीला दिंडीत इतका हुरूप का येतो, याचे एक कारण यात सापडते. गावची तालीम, महिला मंडळ, कट्टा यांनीही हे काम होते.

आता विश्वासाची गोष्ट. औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिली, तरी काहींची वेदना कमी होते. हा भोळेपणा नव्हे. 1978 साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रोग्यांवर याचा शोध घेतला गेला. त्यावरून असे दिसले, की विश्वास बसला म्हणजे मेंदू स्वतःच अफूसारखा वेदना मारणारा पदार्थ तयार करतो. म्हणून डॉक्टराने दोन शब्द गोड बोलावे. त्याने औषधाला धार येते.

परंतु इथेच थांबून नीट विचार केला पाहिजे. विश्वासाने वेदना कमी होते, मळमळ कमी होते, भीती जाते. विश्वासाने क्षयाचे जंतू मरत नाहीत. सापाचे विष उतरत नाही.

विंचवाचेच घ्या. विंचू चावला, की मांत्रिकाकडे नेतात. तो अंगावरून हात फिरवतो, पुटपुटतो आणि कळ थोडी उतरते. वर सांगितले त्यावरून हे का होते, ते कळेल. पण कोकणातला लाल विंचू नुसती कळ देत नाही, त्याचे विष हृदयाला जाते. घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. कित्येक मुले अशी दगावली. महाडकडे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर रक्तदाबाच्या एका औषधाचा उपयोग करून दाखवला आणि मरणारांचे प्रमाण अगदी थोडे उरले. मंत्राने कळ उतरली म्हणून घरी बसलेला मुलगा मात्र त्या औषधाला मुकतो.

सापाचेही तसेच. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपासून मुख्य धोका. त्यांनीही कधी कधी नुसता दात लावलेला असतो, विष सोडलेले नसते. अशी माणसे तशीही जगतात आणि नाव होते मांत्रिकाचे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे.

आणखी एक वाईट समजूत आहे. दुखणे म्हणजे मागच्या जन्माचे पाप, असे सांगतात. कुष्ठरोग्यांना लोकांनी याच बोलण्याने गावाबाहेर घालवले. वास्तविक हा रोग जंतूंचा, हे 1873 सालीच नॉर्वेच्या हॅन्सन यांनी दाखवले. आज तो 6 ते 12 महिन्यांच्या औषधाने बरा होतो आणि हे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण "पापी" म्हटलेला माणूस चट्टा सदऱ्याखाली लपवतो आणि बोटे वाकडी झाल्यावर दवाखान्यात येतो. श्रद्धेने धीर यावा, शरम येऊ नये.

गाडगे महाराज 1956 साली गेले. ते रात्री कीर्तन करीत आणि दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत. नवसाला बकरे कापू नका, असे सांगत. रोग्याला औषधपाणी द्या, असेही सांगत. त्यांच्या देवभक्तीविषयी कुणाला शंका आहे काय?

रोजच्या व्यवहारातल्या दोन गोष्टी. मधुमेह असलेल्याने, आणि विशेषतः इन्शुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्याने, डॉक्टराला विचारल्याशिवाय कडक उपास करू नये. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. उलट, उपास म्हणून तुपातली साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळी यांवर ताव मारला, तर साखर चढते. एकादशी आणि दुप्पट खाशी! दुसरे, वारीला किंवा यात्रेला जाताना रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत घ्याव्या आणि रोज खाव्या. गोळी खाल्ली म्हणून विठोबा रागावत नाही.

शेवटी मनाच्याच दुखण्याबद्दल. एखादा माणूस दोन-दोन आठवडे गप्प राहतो. खात नाही, झोपत नाही, कामाला हात लावत नाही. "जगून काय करू?" म्हणतो. तो आळशी नाही. त्याला भूतबाधाही नाही. त्याला "देवाचे नाव घे, बरे वाटेल" एवढेच सांगून सोडू नये. घेईल तर नाम घेऊ द्यावे, पण हे दुखणे औषधाने आणि बोलण्याने बरे होणारे आहे. त्याला एकटे ठेवू नये. घरात कीटकनाशकाचा डबा असेल, तर तो कुलपात ठेवावा. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात त्याला न्यावे. सरकारने 2022 साली यासाठी फोनची सोय केली आहे. नंबर आहे 14416. रात्री-अपरात्री केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. दुखणेकरी स्वतः बोलत नसेल, तर घरच्याने फोन लावला तरी चालतो.