भाग ४१ : गालाचं अस्तर आणि लघवीची वाट

इयरफोन लावलेत ना? आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकायला जरा अवघड आहे.

माझा मावसभाऊ शिरूरचा, रांजणगावला कामाला. नगर रोडवर त्याची बाईक घसरली आणि दोन पायांच्या मधोमध टाकीचा जोरदार मार बसला. मुका मार आहे म्हणून विषय सोडून दिला. काही महिन्यांनी लघवीची धार बारीक झाली. कुंथून कुंथून दहा मिनिटं लागायची. तो गप्पच. शेवटी दौंडच्या दाजींना सांगितलं, कारण ते लांब राहतात!

झालं काय होतं? मूत्रमार्ग म्हणजे आतून मऊ अस्तर असलेली नळी. मार लागला की अस्तराच्या जागी कडक वण धरतो आणि वाट आवळते. याला स्ट्रिक्चर म्हणतात. सळई घालून वाट रुंद करता येते, पण ताणलेला वण पुन्हा आवळू शकतो. याचं तीनदा तसंच झालं, आणि दरवेळी वण लांबत गेला.

मग पुण्यात दाखवलं. मशीनमध्ये लघवी करायला लावली. सेकंदाला पंधरा मिलीच्या वर वेग हवा, याचा चार. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "तोंड उघड." भाऊ चक्रावला. दुखतंय कुठं, बघतायत कुठं!

पण खरी गंमत इथंच आहे. गालाच्या आतलं अस्तर कायम ओलं, जाड, बिनकेसांचं. त्यामुळे लघवीचा ओलावा त्याला सोसतो. त्याची पट्टी काढून आवळलेल्या नळीला ठिगळासारखी शिवतात. पहिले एक-दोन दिवस ती आजूबाजूच्या रसावर जगते, मग तिच्यात रक्तवाहिन्या जोडल्या जातात. लंडनच्या हंबी यांनी १९४१ मध्येच हे अस्तर मूत्रमार्गासाठी वापरलं होतं. आपल्या पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी आणि इटलीचे डॉ. बार्बाग्ली यांनी २००९ मध्ये यात मोठी सुधारणा मांडली: नळी सगळ्या बाजूंनी सोडवायची नाही, एकाच बाजूनं सोडवायची. दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसा जागच्या जागी राहतात. लिंगावर काप नाही, अंडकोषांच्या मागे एकच. हे पुण्यातून जगभर गेलं, आणि आपल्याला पत्ताच नाही.

आता भावाचं तोंड. जेमतेम दोन बोटं उघडलं. उजवा गाल पांढरा, टणक. गुटखा तिकडंच धरायचा ना! २०१२ पासून राज्यात बंदी आहे म्हणे, टपरीवर विचारा. असा गाल ठिगळाला चालत नाही. नशीब, डावा बरा होता. त्यातून पट्टी निघाली. तीन आठवडे कॅथेटर, सुरुवातीला थंड दूध आणि पेज.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुन्हा आवळलं तर उजव्या गालातून काही मिळणार नाही. परवा फोन केला तर म्हणाला, "धार एकदम मस्त." मी विचारलं, "आणि पुडी?" तर म्हणाला, "बडीशेप खातोय, शप्पथ."