वेड्यांचा कर्ण : रियुनियन बेटावरील पर्वतीय महाशर्यतीचा भूगोल आणि इतिहास

प्रस्तावना

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस रियुनियन हे ज्वालामुखीजन्य बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,५१२ चौरस किलोमीटर असून राजकीयदृष्ट्या तो फ्रान्सचा सागरपार प्रांत आहे. या बेटावर दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात ‘ग्राँ रेद’ ही पर्वतीय महाशर्यत भरते. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत संपूर्ण बेट तिरपे ओलांडणारी ही शर्यत ‘दियागोनाल दे फू’, म्हणजेच ‘वेड्यांचा कर्ण’, या नावाने अधिक ओळखली जाते. अशा शर्यतीकडे सहसा केवळ साहसी क्रीडाप्रकार म्हणून पाहिले जाते. तथापि, या शर्यतीचा मार्ग म्हणजे त्या बेटाच्या भूरचनेचा व सामाजिक इतिहासाचा एक छेदच होय, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शर्यतीचे स्वरूप

या परंपरेचा प्रारंभ १९८९ मध्ये झाला. २०२० मध्ये कोविड महामारीमुळे शर्यत रद्द करावी लागली. मार्गात वेळोवेळी बदल होत असल्याने अंतर निश्चित नसते. अलीकडील वर्षांत ते साधारणतः १६० ते १८० किलोमीटर राहिले आहे. एकूण चढाई सुमारे १०,००० मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीहूनही अधिक भरते. दोन हजारांहून अधिक स्पर्धक रात्री सेंट पिएर येथून निघतात आणि सेंट देनी येथील रदूत क्रीडांगणावर पोहोचतात. अग्रणी धावपटूंना त्यासाठी सुमारे एक अहोरात्र लागते, तर सामान्य स्पर्धकांना दोन व कित्येकदा तीन रात्री मार्गावर काढाव्या लागतात. किनाऱ्यावरील दमट उष्मा, पठारावरील गोठवणारी थंडी आणि निद्रानाश यांमुळे शेकडो स्पर्धक दरवर्षी शर्यत अर्धवट सोडतात. शर्यत पूर्ण करणाऱ्यास मिळणाऱ्या सदऱ्यावर ‘मी तगलो’ अशा अर्थाचे शब्द असतात. २०१८ मध्ये फ्रान्स्वा देन व बन्वा जिराँदेल हे दोघे अग्रणी धावपटू अखेरीस परस्परांशी न झुंजता एकत्रच अंतिम रेषा ओलांडून संयुक्त विजेते ठरले. येथील खरा प्रतिस्पर्धी भूप्रदेश आहे, हे यावरून दिसून येते.

भूरचना : सह्याद्रीचे दूरचे नाते

हा भूप्रदेश इतका दुर्गम का, याचे उत्तर त्याच्या उत्पत्तीत आहे. बेटावर दोन प्रमुख ज्वालामुखी आहेत. वायव्येकडील पितों दे नेज (सुमारे ३,०७० मीटर) आता शांत आहे. आग्नेयेकडील पितों द ला फुर्नेझ (सुमारे २,६३० मीटर) मात्र जगातील अतिसक्रिय ज्वालामुखींपैकी एक गणला जातो. शांत झालेल्या पर्वताचे माथे खचून व पावसाने झिजून माफात, सिलाओस आणि सालाझी या तीन कढईसारख्या खोल दऱ्या निर्माण झाल्या. त्यांच्या कडा कित्येक ठिकाणी जवळजवळ उभ्या आहेत. या झिजेमागील पावसाचे प्रमाणही विलक्षण आहे. जानेवारी १९६६ मध्ये येथील फोक-फोक या ठिकाणी २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला असून तो जागतिक उच्चांक आहे.

महाराष्ट्रातील वाचकांस येथे एक विशेष गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भूगर्भातील ज्या तप्तबिंदूवर आज रियुनियन उभे आहे, त्याच तप्तबिंदूशी सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाथरांची निर्मिती जोडली जाते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी खूण मागे राहिली. तिचे सर्वांत अलीकडचे टोक म्हणजे रियुनियन. सह्याद्रीचा काळा कातळ आणि या शर्यतीत पायांखाली येणारा कातळ हे एका अर्थाने एकाच कुळातले आहेत.

पायवाटांचा इतिहास

या पायवाटा खेळासाठी निर्माण झालेल्या नाहीत. फ्रेंच वसाहतीच्या काळात मादागास्कर व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांपैकी अनेकांनी मळ्यांतून पळून या दऱ्यांचा आश्रय घेतला. अशा पलायितांना ‘मारोन’ म्हणत. अठराव्या शतकातील त्यांच्या एका नायकाचे नाव माफात दरीला लाभले आहे. सिलाओस हे नावही ‘जेथून कोणी निघत नाही’ अशा अर्थाच्या मालागासी शब्दापासून आल्याचे मानले जाते. १७२३ च्या फर्मानानुसार दुसऱ्यांदा पळालेल्या गुलामाच्या पायाची शीर तोडण्याची शिक्षा होती. ज्या भूमीत एके काळी धावणे हाच अपराध होता, तेथे आज धावण्याचा गौरव होतो, ही बाब अंतर्मुख करणारी आहे.

२० डिसेंबर १८४८ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली आणि ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्याचे प्रमाण वाढले. त्यांत तमिळ भाषकांची संख्या मोठी होती. त्यांचे वंशज तेथे ‘मलबार’ म्हणून ओळखले जातात. अखेरच्या टप्प्यात शर्यतीचा मार्ग ग्राँद शालूप येथून जातो. बोटीतून उतरलेल्या मजुरांना जेथे विलगीकरणात ठेवले जाई, ते ठिकाण हेच. तेथून पुढे बेसॉल्टच्या दगडांनी फरसबंद केलेला ‘इंग्रजांचा रस्ता’ लागतो. थकलेल्या पायांना तो अतिशय जाचक वाटतो.

माफात दरीत आजही मोटाररस्ता नाही. तेथील वाड्यांना सामान हेलिकॉप्टरने पोहोचते. अनेक दशके टपाल पायीच जात असे. पाहुण्या धावपटूच्या दृष्टीने जी कसोटी, ती या रहिवाशांची नित्याची वाट आहे.

संवर्धनाचा प्रश्न

बेटावर २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि २०१० मध्ये बेटाचे सुमारे ४० टक्के क्षेत्र जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. २०११ मध्ये माइदो परिसरातील वणव्यात अडीच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. यावरून तेथील परिसंस्थेची नाजूकता ध्यानात येते. हजारो पावलांनी वाटांची धूप वाढते आणि बुटांच्या तळव्यांबरोबर परकीय वनस्पतींचे बीज दुर्मीळ स्थानिक वनांत पोहोचू शकते. दुसरीकडे, या शर्यतीमुळेच वाटांची निगा राखली जाते, दुर्गम वाड्यांना उत्पन्न मिळते आणि बेटवासीयांना सामूहिक अभिमानाचा विषय लाभतो. यांतील एक बाजू सोडून दुसरीचा विचार करणे योग्य ठरणार नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘वेड्यांचा कर्ण’ ही केवळ शारीरिक क्षमतेची परीक्षा नाही. ज्वालामुखीने घडविलेला आणि पलायित गुलाम, मजूर व डोंगरी रहिवासी यांनी वहिवाटीखाली आणलेला प्रदेश त्या रेषेवर एकत्र येतो. सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या डोंगरी शर्यती आता आपल्याकडेही होतात. पश्चिम घाटातील कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. सह्याद्रीच्या वाटाही कोणी तरी गरजेपोटी पाडलेल्या आहेत. त्या वाटांवर धावताना त्या कोणाच्या, कशासाठी पडल्या आणि उद्या कशा टिकतील, हा प्रश्न भूगोल, इतिहास व क्रीडाशिक्षण या तिन्ही विषयांच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांसमोर एकत्रितपणे मांडणे आवश्यक आहे.