चाळिशीनंतर पुन्हा बाकावर

रविवारची सकाळ. अभ्यास केंद्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर बेचाळीस वर्षांची एक विद्यार्थिनी बसली आहे. बारावीनंतर लग्न झालं, शिक्षण तिथेच थांबलं. आता मुलं मोठी झाली म्हणून तिने बी.ए.ला प्रवेश घेतला. पहाटे उठून स्वयंपाक आवरून ती आली आहे. पण तिचं निम्मं लिहून होईपर्यंत सर फळा पुसतात. घरी येऊन ती धडा तीनदा वाचते आणि दोन दिवसांनी त्यातलं काही आठवत नाही. मग ती स्वतःलाच म्हणते, 'आता डोक्यात काही शिरत नाही. वय झालं.'

नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि अर्ध्यावर सुटलेलं शिक्षण पूर्ण करण्याची वाट अनेकांसाठी खुली झाली. नोकरी सांभाळून पदवी घेणारे आहेत, सासूबाई झाल्यावर वही उघडणाऱ्याही आहेत. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात हेच वाक्य येतं. त्यात तथ्य किती, हे तपासून पाहायला हवं.

वय नेमकं काय बदलतं?

माहिती टिपून घेण्याचा मेंदूचा वेग विशीनंतर हळूहळू कमी होतो, हे खरं आहे. शेजारच्या वीस वर्षांच्या मुलाचं लिहून आधी होतं, यात नवल नाही. पण सगळ्याच क्षमता एकदम उतरणीला लागत नाहीत. शब्दसंग्रह आणि जगण्यातून आलेलं ज्ञान पन्नाशीपर्यंत, कधी त्याही पुढे वाढत राहतं. ज्यांनी पंधरा वर्षं घरखर्चाचा मेळ बसवला, त्यांना महागाईचा धडा पाठ करावा लागत नाही. तो त्यांनी भोगलेला असतो. जुन्या अनुभवाला जोडलेली नवी माहिती अधिक पक्की बसते.

मोठेपणीही मेंदूची घडण बदलते, याचा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांनी दिला. तिथे परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात आणि त्याला तीन-चार वर्षं लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही तयारी करणाऱ्यांचे मेंदू आधी आणि नंतर तपासले गेले. परीक्षा पास झालेल्या ३९ जणांमध्ये स्मरणाशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा वाढलेला दिसला. ही सगळी प्रौढ माणसं होती.

चूक पद्धतीत आहे

मग धडा का आठवत नाही? कारण आपण अजून शाळेतल्यासारखाच अभ्यास करतो. वाचायचं, खाली रेघ मारायची, पुन्हा वाचायचं. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये ही सवय तपासून पाहिली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र चित्र उलटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, तर लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के.

हे विद्यार्थी तरुण होते, हे लक्षात घ्या. म्हणजे नुसतं वाचलेलं विसरणं हा चाळिशीचा आजार नाही, विशीतही तेच होतं. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'आलं मला' असा भास होतो. वही मिटून आठवायला गेलं की अडखळायला होतं, जीव नकोसा होतो. पण त्या अडखळण्यातच शिकणं घडत असतं.

म्हणून रविवारी वर्गातून आल्यावर त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा. वही मिटून, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग वही उघडून राहिलेलं भरा. मंगळवारी किंवा बुधवारी, बसमध्ये किंवा कणीक मळताना, तेच मनात पुन्हा आठवा. पुढच्या रविवारी वर्गाआधी आणखी एकदा. एका रात्रीत चार तास बसण्यापेक्षा हे तुटक तुटक बसणं जास्त टिकतं. घरात ऐकणारं कोणी असेल तर त्याला धडा समजावून सांगा.

झोप कापू नका

संसारी विद्यार्थी वेळ काढतो तो झोपेतून. पण दिवसा शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेतच करतो. रात्री एकपर्यंत जागून वाचलं आणि पाचला उठलं, तर केलेल्या मेहनतीवर आपणच पाणी टाकतो.

अभ्यासाला दोष देण्याआधी तब्येतही पाहा. फळ्यावरून वहीकडे नजर वळवताना अक्षर पुसट होत असेल, तर 'चाळिशी' लागली असेल. डोळ्यांतलं भिंग या वयात कडक होतं. अडचण बुद्धीची नसून नंबरची असू शकते. सतत थकवा आणि विसराळूपणा असेल तर रक्तक्षय, थायरॉइड, बी-१२ची कमतरता डॉक्टरांकडून तपासून घ्या. रजोनिवृत्तीच्या आसपास झोप मोडते, त्याचाही लक्षावर परिणाम होतो. मन सतत उदास असेल तर तेही सांगा. यातल्या बहुतेक तक्रारींवर उपचार आहेत. तपासणीआधीच बाजारातलं 'स्मरणशक्तीचं' टॉनिक मात्र आणू नका.

राहता राहिला तो शेवटचा बाक. पुढच्या रविवारी पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसा. फळा नीट दिसेल, सरांचं बोलणं स्पष्ट ऐकू येईल. लिहायचं राहिलं तर शेजारच्या मुलीची वही मागा. तिला धड्यातलं एखादं उदाहरण कळलं नसेल, तर ते तुमच्याकडे असेल.