परळची कॅज्युअल्टी आणि कुलाब्याचे नौदल रुग्णालय

जखमींवर तातडीने उपचार करण्याचे शास्त्र बरेचसे युद्धात घडले. कोणाला आधी हात लावायचा हे जखमेच्या गांभीर्यावरून ठरवायचे आणि जखमीला लढाई चालू असतानाच मागे हलवायचे, या दोन्ही गोष्टी नेपोलियनच्या फौजेतला शल्यविशारद लॅरे याने रुजवल्या. पण विद्या नेहमी छावणीकडूनच गावाकडे आली असे नाही. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. त्याला नवे नाक मिळाले ते पुण्याजवळच्या एका कारागिराकडून, कपाळाची कातडी खाली वळवून. ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे सचित्र वर्णन छापून आले आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने लंडनमध्ये तीच रीत वापरली. जखम लष्करातली, हात मात्र गावातल्या माणसाचे.

पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. ते आज खडकीला आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४चे. ते उभारले सैनिकांसाठी, पण पुढे तिथे नागरिकांनाही हातपाय मिळू लागले. लष्करी आणि नागरी वैद्यकीचे सहकार्य कायमच्या व्यवस्थेत मुरले, अशी महाराष्ट्रातली ही ठळक उदाहरणे. दोन्ही ठिकाणी प्रश्न जखम भरल्यानंतरचा आहे. पहिल्या तासाचा नाही.

पहिल्या तासाची परीक्षा मुंबईने त्याच वर्षी दिली. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा फुटले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही. आग विझवताना अग्निशमन दलाचे साठाहून अधिक जवान गेले. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात. मदतीला आणि नंतर ढिगारे उपसायला सैनिक होते, जखमी मात्र शहरातल्या रुग्णालयांत पोचले. पुढेही शहराने हीच विभागणी पाहिली: संकट आले की लष्कर धावते, ओसरले की परत जाते. २९ सप्टेंबर २०१७ला परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले. जखमी जवळच्या केईएममध्ये आले. नवा पूल लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ला खुला झाला. पूल लष्कराने बांधणे ठीकच, पण गरज खरी कॅज्युअल्टीच्या दारात आहे.

मुंबईच्या लोकलमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. तुटलेले पाय, चिरडलेले हात, डोक्याचा मार, भरमसाट रक्तस्राव: एरवी युद्धात दिसणाऱ्या या जखमा केईएम, नायर, जेजे आणि शीवच्या डॉक्टरांना शांततेच्या काळातही रोज दिसतात. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय तर १९४७ मध्ये लष्करी बराकींतच सुरू झाले. उलट कुलाब्याच्या ‘आयएनएचएस अश्विनी’चे रुग्ण मुख्यतः नौसैनिक, माजी सैनिक आणि त्यांची कुटुंबे. तिथे शिस्त, साधनसामग्री आणि जखमी हलवण्याची तयारी आहे. पण युद्ध नसताना शल्यविशारदाच्या हाताला असे काम थोडेच. दोन युद्धांच्या मध्ये लष्करी वैद्यकीचे कौशल्य घसरते, या अनुभवाला ब्रिटिश नौदलातल्या अलास्डेर वॉकर या सर्जनवरून ‘वॉकर डिप’ म्हणतात.

त्यावरचा उपाय इतरत्र साधा निघाला: लष्करी डॉक्टरांना गर्दीच्या शहरी रुग्णालयात कामाला पाठवणे. अमेरिकी हवाई दलाची पथके बाल्टिमोरच्या शॉक ट्रॉमा सेंटरमध्ये शिकतात. २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने दोन्ही व्यवस्था एकत्र विणण्याची शिफारस केली. त्यात त्या देशातले सुमारे वीस टक्के अपघाती मृत्यू टाळता येण्याजोगे मानले होते. औषधांच्या बाबतीतही हेच: रक्तस्राव आटोक्यात आणणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड २०१०च्या ‘क्रॅश-२’ चाचणीत चाळीस देशांतल्या वीस हजारांहून अधिक नागरी रुग्णांवर तपासले गेले, आणि तेच औषध अफगाणिस्तानात जखमी सैनिकांनाही दिले गेले.

मुंबईत पाया अगदीच नाही असे नव्हे. २०१३ ते २०१५ या काळात केईएम, शीव, दिल्ली आणि कोलकाता इथल्या चार रुग्णालयांनी ‘टिटको’ या नोंदवहीत सुमारे सोळा हजार जखमींची माहिती जमवली. त्यातला मोठा हिस्सा दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्यांचा, म्हणजे वाटेतच वेळ गेलेल्यांचा होता; अभ्यासात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक पंचमांश महिनाभरात दगावले. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी लष्कराने प्रत्येक जखमीची अशीच नोंद ठेवली, म्हणूनच रक्त थांबवणाऱ्या टूर्निकेटच्या पट्ट्याविषयीचा जुना संशय फिटला. परळ, शीव आणि कुलाबा यांनी एकच नमुना वापरून नोंदी ठेवल्या आणि नौदलाचे तरुण सर्जन काही महिने पालिकेच्या कॅज्युअल्टीत पाळीवर आले, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. लागतील ते पालिका आणि संरक्षण खाते यांच्यातला करार, आणि दोन्हीकडे चालणारा एक तक्ता, ज्यात जखमी फलाटावर कधी पडला, रुग्णालयात कधी पोचला आणि रक्त त्याला किती वाजता मिळाले, हे तीन रकाने भरलेले असतील.