भाताचा वास आणि सातवा तुकडा

दुपारची वेळ आहे, तुम्ही शिवाजी पेठेत निवृत्ती चौकातून उभ्या मारुतीकडे निघाला आहात आणि वाटेवरच्या एखाद्या घरात आजरा घनसाळ शिजतोय. कुठल्या घरात, हे कुणाला विचारावं लागत नाही. नाकच सांगतं! घनसाळ हा आपल्याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याचा सुवासिक तांदूळ. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. (आपण कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं इतकं कौतुक करतो की बिचारा भात ताटात असून नसल्यासारखा होतो. आज त्याचीच पाळी.)

तर प्रश्न असा: साध्या तांदळाला हा वास का येत नाही? तुम्ही म्हणाल, सोप्पंय, सुवासिक तांदळात काहीतरी जास्तीचं असणार. पण गंमत उलटीच आहे. सुवासिक तांदळात काहीतरी मोडलेलं असतं.

काय मोडलं ते बघायला दाण्याच्या आत, पेशीच्याही आत शिरू. तिथे डीएनएचा लांबच लांब धागा असतो. ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत त्यावर सगळा मजकूर लिहिलेला. त्या मजकुराचा एक भाग म्हणजे एक जनुक. बहुतेक जनुकांत एखादं प्रथिन कसं बनवायचं ते लिहिलेलं असतं. पेशी आधी त्या जनुकाची नक्कल काढते. ही नक्कल म्हणजे आरएनए. मग नक्कल वाचून प्रथिन तयार होतं.

इथवर सगळं सरळ वाटतं. १९७७ पर्यंत शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. त्या वर्षी अमेरिकेत रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांचे दोन वेगवेगळे गट सर्दी-खोकल्याच्या एका विषाणूचा अभ्यास करत होते. त्यांनी विषाणूचा तयार आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवला. नक्कल आणि मूळ अक्षराला अक्षर जुळायला हवं, नाही का? पण डीएनएचे मोठाले फुगे बाहेर आलेले दिसले! म्हणजे मुळात असलेला मजकूर नकलेत नव्हताच. मधले तुकडे कुणीतरी छाटले होते. या शोधाबद्दल रॉबर्ट्स आणि शार्प यांना १९९३ चं नोबेल मिळालं. रॉबर्ट्स यांच्याकडे मायक्रोस्कोपचं ते किचकट काम लुईज चाऊ यांनी केलं होतं आणि शार्प यांच्याकडे सुझन बर्गेट यांचा मोठा वाटा होता. त्यांची नावं बक्षिसाच्या यादीत नाहीत, म्हणून तुम्ही तरी लक्षात ठेवा.

१९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी या तुकड्यांना नावं दिली. तयार आरएनएत राहतो तो तुकडा एक्झॉन, छाटला जातो तो इंट्रॉन. छाटून जोडण्याच्या कामाला म्हणतात स्प्लायसिंग.

कोल्हापूरच्या मुलांना हे समजायला काय वेळ लागतोय! खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ पाहिलाय ना? बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. त्यात भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं हुबेहूब वठलं, की सरकारने ते काढायला लावलं. तेव्हा दृश्य काढायचं म्हणजे फिल्मची पट्टी खरोखर कात्रीने कापायची, नको तो तुकडा बाजूला टाकायचा आणि उरलेली टोकं चिकटवायची. पेशी आरएनएच्या पट्टीवर नेमकं हेच करते. मूळ डीएनएला मात्र ती हात लावत नाही. कापाकापी सगळी नकलेवर.

पण कुठे कापायचं हे तिला कळतं कसं? खूण असते. जवळजवळ प्रत्येक इंट्रॉनची सुरुवात जी-टी या जोडीने होते आणि शेवट ए-जी या जोडीने. (नकलेत टीच्या जागी यू नावाचं अक्षर येतं, पण आपण टीच म्हणू.) या खुणा आणि त्यांच्या आसपासची अक्षरं ओळखून कापणारं एक यंत्र पेशीत असतं, स्प्लायसिओसोम. पाच छोटे आरएनए आणि शंभराहून जास्त प्रथिनं मिळून ते बनतं. ते इंट्रॉनचं पुढचं टोक कापतं, त्याचा फास करून त्याला इंट्रॉनच्याच आतल्या एका ‘ए’ला अडकवतं, मग मागचं टोक कापून दोन्ही एक्झॉन एकमेकांना जोडतं. फास सुटून बाजूला होतो. एका अक्षराची चूक झाली तरी पुढचा मजकूर बिघडतो.

आणि हे काम किती मोठं असतं! आपल्या स्नायूंना लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे. त्याची नक्कल काढायलाच पेशीला सुमारे १६ तास लागतात. त्यातले ७९ एक्झॉन जोडले की उरतात जेमतेम १४ हजार अक्षरं. बाकी सगळं छाटून टाकायचं.

आता परत तांदळाकडे. तांदळात बीएडीएच-२ नावाचं एक जनुक आहे, त्यात १५ एक्झॉन. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की बासमतीसारख्या सुवासिक तांदळांत या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधली आठ अक्षरं गायब असतात. फक्त आठ! पण पेशी एक्झॉन वाचते ते तीन-तीन अक्षरांच्या गटाने, आणि आठाला तिनाने भाग जात नाही. त्यामुळे तिथून पुढचा प्रत्येक गट सरकतो, मजकुराचा अर्थच पालटतो आणि थोड्याच अंतरावर ‘थांबा’ अशी खूण अवेळी येते. प्रथिन अर्धवट राहतं. आठाऐवजी नऊ अक्षरं गेली असती तर पुढचे गट जागच्या जागी राहिले असते.

हे प्रथिन धड असलं की तांदळातल्या एका रसायनाचं रूप बदलून टाकतं. ते मोडलं की रसायन साठत जातं आणि त्यातून टू-एपी हा सुवासिक पदार्थ बनतो. काही घरांत साधा भात शिजताना केवड्याच्या कुळातलं एक लांब हिरवं पान टाकतात आणि भात आंबेमोहोरासारखा घमघमतो. त्या पानातही हाच टू-एपी. मक्याच्या गरम लाह्यांच्या वासातही तोच.

ही झाली एक्झॉनमधल्या गळतीची गोष्ट. कापायच्या खुणेतच चूक झाली तर? तीही तांदळातच सापडते. जपानी लोक रोज खातात तो भात चिकट असतो, काडीने उचलला तरी गोळा सुटत नाही. त्या तांदळाच्या ‘वॅक्सी’ नावाच्या जनुकात पहिल्या इंट्रॉनची सुरुवात जी-टीऐवजी टी-टीने होते. खूण पुसट झाल्यामुळे कापणं नीट होत नाही, प्रथिन फार थोडं बनतं, म्हणून भात मोकळा ठेवणारं अमायलोज हे पिष्ट कमी पडतं. एका अक्षराने भाताचा स्वभावच बदलला.

माणसात अशी चूक झाली तर मात्र ती गमतीची राहत नाही. आपलं रक्त ऑक्सिजन वाहतं ते हिमोग्लोबिनमुळे. त्याच्या बीटा भागाचं जनुक अगदी आटोपशीर आहे, तीन एक्झॉन आणि मध्ये दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन फक्त १३० अक्षरांचा. काहींच्या जनुकात त्याच्या पाचव्या अक्षराच्या जागी जीऐवजी सी असतो. कापण्याची जागा चुकते आणि हिमोग्लोबिन पुरेसं बनत नाही. या आजाराचं नाव बीटा थॅलेसेमिया. भारतात त्याला कारण ठरणाऱ्या बदलांत हा एका अक्षराचा बदल सर्वात जास्त आढळतो. आई आणि बाबा दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तर त्या मुलाला दर काही आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त घ्यावं लागतं. एकाकडूनच आलं तर मूल सहसा ठणठणीत असतं आणि आपल्यात काही आहे हे त्याला कळतही नाही. ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. तुमच्या मोठ्या ताईचं किंवा दादाचं लग्न ठरत असेल, तर पत्रिकेआधी ही तपासणी करा असं घरात खुशाल सांगा.

एवढा धोका आहे, तर निसर्गाने ही कापाकापी ठेवली तरी कशाला? एक फायदा मात्र मोठा आहे. एकाच जनुकाचे तुकडे दरवेळी निराळ्या जुळणीने जोडता येतात, म्हणून एका जनुकातून अनेक प्रथिनं निघतात. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सुमारे २० हजार, पण प्रथिनांचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त.

यातला विक्रम कुणाचा, ओळखा पाहू? पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या फळमाशीचा! तिच्या डीस्कॅम नावाच्या जनुकात चार ठिकाणी निवड असते. पहिल्या ठिकाणी १२ एक्झॉनपैकी एक घ्यायचा, दुसऱ्या ठिकाणी ४८ पैकी एक, तिसऱ्या ठिकाणी ३३ पैकी एक आणि चौथ्या ठिकाणी दोनांपैकी एक. वही घ्या आणि गुणाकार करा. उत्तर ३८,०१६ आलं तर बरोबर. म्हणजे माशीच्या एका जनुकातून जितकी वेगवेगळी प्रथिनं निघू शकतात, तितकी प्रथिनांची जनुकं तुमच्या-माझ्या अख्ख्या शरीरातही नाहीत.